मामांच्या गाठीची कड

त्या मंगळवारी सीटी स्कॅनच्या यादीत अकरावं नाव मामांचं होतं. मी ते वाचून पुढं गेले आणि परत मागं येऊन वाचलं. वय अडुसष्ट, गाव जळकोट. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: शौचातून रक्त, वजन कमी, दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्यात गाठ. लातूरच्या ज्या रुग्णालयात मी रेडिओलॉजिस्ट आहे, तिथंच चार खोल्या पलीकडं मामांची दुर्बिणीची तपासणी होऊन गेली होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर बाकावर मामी बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

"तुला सांगू नको म्हनले," मामी म्हणाल्या. "पोरगी कामात हाय, तिच्या जिवाला घोर कशाला, म्हनले."

"रक्त कधीपासून जातंय?"

"दिवाळीच्या आधीपासून. मूळव्याध हाय म्हनून झाडपाल्याचं औषध घेत राहिले. मला बी न्हाई सांगितलं. मीच कपडे धुताना बघितलं."

मला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडणार? मी आत गेले.

माझे वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. आई मला घेऊन चाकूरजवळच्या गावातून माहेरी, जळकोटला आली. मामांचं घर दोन खोल्यांचं, विहाराच्या मागच्या गल्लीत. त्यांची स्वतःची दोन मुलं होती, तरी आम्ही दोघी कधी उपऱ्या वाटलो नाही. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेले ते पहिले, आणि मला दहावीच्या पुढं ढकलणारेही तेच. त्यांची एक सवय होती. उत्तर आलं म्हणून पाटी दाखवायला गेलं की विचारायचे, "पडताळा केलास का?" केला नसेल तर पाटीकडं बघायचेही नाहीत.

यंत्राच्या फळीवर दवाखान्याचा हिरवा झगा घालून पडलेले मामा मला एकदम लहान दिसले. गळ्याची हाडं वर आली होती.

"तूच बघनार का दुसरं कोनी?" त्यांनी विचारलं.

"मीच बघते."

"मग घाई करू नको."

काचेच्या अलीकडं मी पडद्यासमोर बसले. श्वास घ्या, रोखून धरा, असं यंत्र सांगत होतं आणि मामा एखाद्या आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे ते करत होते. पोटाच्या डाव्या बाजूला खाली, आतड्याची भिंत जाड होऊन आत आलेली होती. यकृतात तीन लहान डाग होते. मी उठले, पाणी प्यायले, परत बसले. आधीपासूनच मला एका जागी बसवत नाही. शाळेत बाई मला शेवटच्या बाकावर बसवायच्या, म्हणजे उठबस केली तरी कुणाला त्रास नको. त्या दिवशी एवढा एक अहवाल लिहायला मी पाच वेळा खुर्चीवरून उठले.

नशीब असं, की त्या काळात माझ्या डोक्यात दुसरा विषयच नव्हता. दोन वर्षांपासून मी नांदेडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शिकवणाऱ्या प्राध्यापकांबरोबर काम करत होते. विषय होता नेमका हाच: मोठ्या आतड्याचा कर्करोग. या कर्करोगात एका विशिष्ट जनुकात बदल झालेला असला, तर एक औषध अजिबात लागू पडत नाही, उलट त्रासच होतो. बदल नसेल तर त्याचा चांगला उपयोग होऊ शकतो. बदल आहे की नाही, हे कळायला गाठीचा तुकडा काढून मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि वाट बघत बसावं लागतं. आमचा प्रश्न असा होता की, स्कॅनमधल्या चित्रावरूनच हे ओळखता येईल का?

प्राध्यापक शेतकरी घरातले. मला पहिल्या भेटीत त्यांनी त्यांच्या पद्धतीनं समजावलं होतं. "मॅडम, लातूरच्या अडतीवर बघा. जुना अडत्या पोत्यात हात घालतो, मूठभर सोयाबीन वर काढतो आणि सांगतो, ओलं हाय, वजनात एवढा कट लागेल. दाण्यात पाणी किती ते त्याला दिसत नाही. पण दाण्याचा रंग, सुरकुती, हाताला लागणारी खरखर, हे सगळं तो वाचतो. आपला संगणक तेच करणार. तुम्हाला गाठ नुसती करडी दिसते. त्याला त्या करड्यातली खरखर दिसते."

माझं काम कष्टाचं पण साधं होतं. ज्या जुन्या रुग्णांचा जनुकाचा अहवाल आलेला आहे, त्यांचे स्कॅन काढायचे आणि प्रत्येक चकतीवर, म्हणजे पोटाच्या प्रत्येक आडव्या कापाच्या चित्रावर, गाठीची कड माऊसनं आखायची. एका गाठीच्या वीस-पंचवीस चकत्या व्हायच्या. मी आखलेल्या कडेच्या आत जे काही असेल, त्याचा पोत, आकार, ओबडधोबडपणा संगणक मोजायचा आणि शेवटी एक आकडा द्यायचा. आकडा वर गेला तर बदल असण्याची शक्यता जास्त, खाली आला तर कमी. दर गुरुवारी सकाळची बस धरून मी आखलेलं सगळं घेऊन नांदेडला जायची. चाकूर, अहमदपूर, लोहा. बसमध्ये बसूनही माझी बोटं मांडीवर गोल गोल फिरत राहायची.

दुर्बिणीच्या वेळी काढलेल्या मामांच्या गाठीच्या तुकड्याचा अहवाल आठवड्यानं आला. कर्करोगच होता, यकृतापर्यंत पोचलेला. आमच्या रुग्णालयातले कर्करोगाचे डॉक्टर माझ्यापेक्षा वयानं लहान, फार कमी बोलणारे. त्यांनी उरलेला तुकडा जनुकाच्या तपासणीला पाठवला. पंधरा दिवसांनी तिकडून कळलं की तुकडा अपुरा आहे, त्यातून काही सांगता येत नाही, नवीन पाठवा.

"यकृतातले डाग लहान आहेत आणि मोठ्या रक्तवाहिनीला खेटून आहेत, तुकड्यासाठी तिथं सुई घालायला नको," डॉक्टर म्हणाले. "परत दुर्बीण करू. अर्ध्या तासाचं काम आहे."

मामा म्हणाले, "मी करनार न्हाई."

त्यांनी आवाज चढवला नव्हता, पण त्यांचं नाही म्हणजे नाही, हे मला माहीत होतं. मी समजावलं, मामींनी समजावलं, मुंबईहून त्यांच्या मुलानं फोनवर समजावलं. रक्तावरून तपासायची एक सोय असते, तीही मी सुचवली. डॉक्टरांना आधी गाठीचाच तुकडा हवा होता. कारण विचारलं की मामा खिडकीबाहेर बघायचे. "पोट साफ करायचं ते औषध प्यायला लई वंगाळ हाय," एवढंच म्हणायचे. त्यावर माझा विश्वास बसत नव्हता. कडू औषधाला घाबरणारा तो माणूस नव्हता.

डॉक्टर नेहमीची केमो सुरू करायला तयार होते, पण ते दुसरं औषध जोडायचं की नाही, हे अहवालाशिवाय ठरत नव्हतं, म्हणून सगळंच थांबलं होतं. माझा जीव घायकुतीला आला. घरी भाजी करपायची. रस्त्यानं चालताना मी उगाच पुढच्या माणसाला मागं टाकत जायची आणि कोपऱ्यावर गेल्यावर आठवायचं की आपल्याला कुठं जायचंच नाही.

मग मी जे करायला नको होतं ते केलं.

आमच्या कामाचा नियम स्पष्ट होता आणि तो मीच लिहिला होता: ज्यांचे उपचार चालू आहेत अशा रुग्णांचे स्कॅन यात घालायचे नाहीत, कारण हे अजून शिकणं आहे, यावर कुणाचं औषध ठरवायचं नाही. त्या बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी मामांचा स्कॅन उघडला. नाव काढून टाकलं, एक नंबर दिला आणि गाठीची कड आखायला घेतली. हात सराईत झाला होता. तासाभरात झालं. दुसऱ्या दिवशी नांदेडला प्राध्यापकांच्या खोलीत ते इतर फायलींबरोबर चढवलं.

"हा नवीन दिसतोय," ते म्हणाले. "याचा अहवाल कुठाय?"

"यायचाय," मी म्हणाले. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

आकडा खाली आला. चांगला खाली. मी पडद्याकडं बघत राहिले आणि माझ्या कानात गरम वारं भरल्यासारखं झालं. बदल नसावा. म्हणजे औषध चालेल. प्राध्यापक पुढच्या फाईलकडं वळले होते. मी चहा न पिताच निघाले. बस लोह्याला थांबली तेव्हा स्टँडवर उतरून मी मामींना फोन लावला. आजूबाजूला भज्यांचा वास, कंडक्टरचं ओरडणं, आणि मी एका कानावर हात ठेवून सांगत होते की, मामी, आमच्या संगणकानं सांगितलंय, ते चांगलं औषध चालेल असं दिसतंय.

"दिसतंय" हा शब्द मी वापरला होता, हे मला पक्कं आठवतं. पण जो शब्द मामींना ऐकू आला, तो "चालेल" हा होता.

पुढच्या सोमवारी तिघं डॉक्टरांसमोर बसलो. मामा पहिल्यांदाच ताठ बसले होते.

"आता तुकड्याचं काम न्हाई," ते म्हणाले. "आमच्या पोरीच्या मशीननं सांगितलं. ते औषध चालू करा."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "मॅडम, हे तुम्ही सांगितलंत?"

मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मामांना शांतपणे सांगितलं की हे संशोधन चांगलं आहे, मॅडमचं काम मोलाचं आहे, पण त्यावर मी औषध लिहू शकत नाही. मामा उठले. दारात जाऊन म्हणाले, "मग हिचं काम कशासाठी चालू हाय?" आणि निघून गेले. मामी त्यांच्यामागं गेल्या. खुर्चीत मी एकटीच उरले.

त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्याच कामाचा आधार घेऊन मामा तपासणी टाळत होते, आणि तो आधार मी त्यांच्या हातात दिला होता. पण त्याहून एक वेगळी गोष्ट मला टोचत होती. बुधवारी मी कड आखली तेव्हा शेवटच्या काही चकत्यांवर माझा हात फार सहज फिरला होता. इतर गाठींच्या वेळी मी अडायचे, मोठं करून बघायचे, पुसून परत काढायचे. मामांच्या गाठीला मी एकदाही पुसलं नव्हतं.

रविवारी विभागात गर्दी नसते. दुपारी जाऊन मी तोच स्कॅन पुन्हा उघडला. जुनी आखणी न बघता, पहिल्या चकतीपासून नव्यानं कड काढली. या वेळी तीन तास लागले. मध्ये दोनदा जिन्यात जाऊन खालीवर करून आले. संध्याकाळ व्हायच्या आत फाईल नांदेडला पाठवली आणि कारण लिहिलं नाही.

सोमवारी प्राध्यापकांचा फोन आला. "मॅडम, हा तोच पेशंट आहे ना? आकडा उलटा आलाय. एकदम वर."

"दोन्ही कडा एकावर एक ठेवून बघता येतील?"

त्यांनी दोन्ही रेषा एकाच चित्रावर लाल आणि निळ्या रंगात काढून फोनवर पाठवल्या. बघितल्याबरोबर मला कळलं. गाठीच्या बाहेरच्या बाजूला, जिथं ती आतड्याची भिंत सोडून भोवतीच्या चरबीत घुसते, तिथं बारीक धाग्यांसारखी खरबरीत कड होती. पहिल्या वेळी मी ती बाहेर ठेवली होती. मधला एक काळपट भाग, जिथं गाठ आतून मेलेली असते, त्याच्याही अलीकडूनच माझी रेघ वळली होती. मामांची गाठ मी गोल, गुळगुळीत, सभ्य करून टाकली होती. कुणी सांगितलं नव्हतं. हातानंच ते केलं होतं.

मी प्राध्यापकांना सगळं सांगितलं. पेशंट कोण, मी काय केलं, कुणाला काय बोलले.

"मग बाकीच्या दोन वर्षांतल्या?" त्यांनी विचारलं. "त्यातल्या किती वेळा तुम्हाला अहवाल आधीच माहीत होता?"

मी कधी मोजलं नव्हतं. काही वेळा माहीत असायचा. फाईलवरच लिहिलेला असायचा.

"मी नंतर बोलतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मंगळवारी रजा टाकून मी उदगीर मार्गे जळकोटला गेले. मामी दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि परत ताटात बघितलं. मी काय सांगायला आलेय ते मी तिथंच, चप्पल न काढता सांगून टाकलं. आत नेऊन सांगण्याइतकाही धीर मला नव्हता.

मामींचा हात थांबला. "तू फोन केलास तवा मी विहारात खीर करून वाटली," त्या म्हणाल्या. "समद्या गल्लीला सांगितलं."

मी चप्पल काढून उंबऱ्याशी ठेवली.

"बस. चहा टाकते," म्हणून त्या आत गेल्या. त्यानंतर दुपारभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पण ताटात तूप नेहमीसारखंच वाढलं.

मामा मागच्या पडवीत खाटेवर बसले होते. मी फोनवरचं चित्र त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हे माझंच का?"

"हो."

"लाल कोनती अन् निळी कोनती?"

"लाल आधी काढलेली. निळी रविवारी काढली."

"उत्तर?"

"लालचं उत्तर, बदल नाही. निळीचं उत्तर, बदल आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "एकाच गनिताची दोन उत्तरं."

"हाव मामा."

"दोन्ही तूच सोडवलेली."

"हाव."

"यातलं खरं कोनतं?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. माझ्या पायाची बोटं जमिनीवर वळवळत होती आणि ती मला थांबवता येत नव्हती. "लाल काढताना तुम्हाला ते औषध मिळावं, असंच माझ्या मनात होतं. तेच हातात उतरलं असणार. मी तुम्हाला सांगायलाच नको होतं."

मामांनी फोन पुन्हा जवळ धरून दोन्ही रेघा बघितल्या. शेजारच्या घरात कुणीतरी मिरची कुटत होतं. मग त्यांनी विचारलं, "पडताळा कशानं करायचा?"

"तुकड्यानंच. दुसरा उपाय नाही."

त्यांनी फोन मला परत दिला. आणि मग, मी न विचारता, त्यांनी खरं कारण सांगितलं. दुर्बिणीच्या खोलीत जी परिचारिका होती, ती त्यांची विद्यार्थिनी होती. पाचवीपासून सातवीपर्यंत त्यांच्या वर्गात. तिनं आल्या आल्या ओळखलं होतं, सर म्हणून वाकून नमस्कार केला होता.

"ती वर्गात मान वर करून माझ्याकडं बघत नव्हती," मामा म्हणाले. "अन् तिच्यासमोर मी तसा पडलेला. ती पाठीवर हात ठेवून सांगत होती, सर, घाबरू नका. मी तोंड भिंतीकडं केलं ते शेवटपर्यंत तसंच. तिच्याशी एक शब्द बोललो न्हाई."

"मी सांगते तिला, त्या दिवशी दुसऱ्या कुणाला थांबव म्हणून. ती ऐकेल."

मामांनी विचार केला. "नको," ते म्हणाले. "तिचं काम हाय ते. तिला खोलीभाईर काढनारा मी कोन?"

आठ दिवसांनी दुसरी तपासणी झाली. मी बाहेर फेऱ्या मारत होते. आत काय झालं ते त्या परिचारिकेनंच मला नंतर सांगितलं. तिनं म्हटलं, सर, डाव्या कुशीवर वळा. मामा वळले. या वेळी त्यांचं तोंड तिच्याकडं होतं. म्हणाले, "तुला भागाकार येत नव्हता. आला का पुढं?" ती म्हणाली, "औषधाचा डोस काढताना रोज करते सर." मग गुंगीच्या इंजेक्शननं त्यांचे डोळे मिटले. हे सांगताना ती हसली आणि लगेच हातमोजे काढायच्या निमित्तानं पाठ फिरवून उभी राहिली.

तुकडे या वेळी भरपूर मिळाले. ते पाठवले आणि पुन्हा वाट बघणं सुरू झालं. ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट आठवडे असं मी म्हणणार नाही, पण सगळ्यात बिनकामाचे नक्की. मी प्रयोगशाळेला इतके फोन केले की तिकडची मुलगी माझा आवाज ओळखून आधीच "नाही आला मॅडम" म्हणायची. एका रुग्णाच्या अहवालात मी उजव्या मूत्रपिंडाऐवजी डावं लिहिलं. सहकारी डॉक्टरांनी ते पकडलं, दुरुस्त केलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही दोन दिवस घरी बसा." घरी बसणं मला जमणार नव्हतं. त्या दोन दिवसांत मी औशाला जाऊन आले, किल्ल्याच्या तटावरून दोनदा फिरले आणि आठवडी बाजारातून नको असलेली वांगी घेऊन परत आले.

अहवाल सकाळी ईमेलवर आला. जनुकात बदल होता. ते औषध मामांना चालणार नव्हतं.

मी मामांना फोन केला. फोन मामींनीच उचलला.

"म्हंजे वंगाळ का?" त्यांनी विचारलं. बऱ्याच दिवसांनी त्या माझ्याशी सरळ बोलत होत्या.

"ते एक औषध नाही देता येणार. बाकीची आहेत. डॉक्टर उद्यापासून चालू करतो म्हणतायत."

पलीकडं मामांना सांगितल्याचं ऐकू आलं. मग मामांचा आवाज. "बरं झालं कळलं," एवढंच म्हणाले आणि किती वाजता यायचं ते विचारलं.

त्या दिवशी मला सुटका वाटली की दुःख झालं, हे अजूनही नीट सांगता येत नाही. दोन्ही एकाच वेळी होतं. माझ्या पहिल्या रेघेवर विश्वास ठेवला असता, तर मामांना निरुपयोगी औषध टोचत बसलो असतो. मनाच्या एका कोपऱ्यात मात्र एक हलकट समाधान होतं की निळी रेघ बरोबर आली. ते समाधान फार टिकलं नाही. रविवारी मी जिन्यात खालीवर करत होते तेव्हा मला भीती वाटत होती, आणि भीतीनं मी प्रत्येक धागा, प्रत्येक सावली गाठीत ओढली होती. भीतीनं काढलेली कड या वेळी खरी निघाली, म्हणून ती नीट काढलेली होती असं म्हणता येत नाही.

त्या सोमवारनंतर प्राध्यापकांनी दीड महिना फोन केला नाही. मग एका गुरुवारी मीच बस धरून गेले. ते त्यांच्या खोलीत फायलींच्या याद्या करत बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "सगळं परत करावं लागेल. दोन माणसांनी वेगवेगळी कड काढायची. कुणालाही अहवाल दिसता कामा नये. दोन रेघा फार वेगळ्या आल्या तर ती केस बाजूला."

"दुसरं कोण काढणार?"

"नांदेडच्या एक डॉक्टर तयार आहेत. मी विचारलंय." थोडं थांबून ते म्हणाले, "आमचे वडीलही घरच्या मालात हात घालून ओलावा सांगायचे. दर वेळी माल कोरडाच."

मी हसले नाही आणि मी हसावं अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. आम्ही पहिल्या फाईलपासून सुरुवात केली. आधी जेवढं चांगलं ओळखतोय असं वाटत होतं, तेवढं संगणक आता ओळखत नाही. काही बाबतीत चांगलं सांगतो, काही बाबतीत आम्हा तिघांनाही कोड्यात टाकतो. काम चालू आहे. मामांची फाईल त्यात नाही.

मामांची केमो लातूरलाच झाली, दर दोन आठवड्यांनी. त्या औषधानं हाताची बोटं बधिर व्हायची आणि गार वस्तूला हात लावला की झिणझिण्या यायच्या. भर उन्हाळ्यात मामा कोमट पाणी प्यायचे आणि स्टीलचा पेला रुमालात धरायचे. जिभेची चव गेली म्हणून मामींवर चिडायचे. सहा महिन्यांनी यकृतातले डाग लहान झाले, एक तर दिसेनासा झाला. आतड्यातली गाठ शस्त्रक्रिया करून काढली. जखम भरायला वेळ लागला, एकदा ताप येऊन परत दाखल करावं लागलं. त्यानंतर हळूहळू ते चालायला लागले, आधी पडवीत, मग गल्लीत, मग विहारापर्यंत. पौर्णिमेला मामींनी पुन्हा खीर केली का, हे मी विचारलं नाही. त्यांच्या आणि माझ्यात बोलणं आता पूर्वीसारखंच आहे, फक्त तब्येतीचं काही मी सांगितलं की त्या विचारतात, "डाक्टर म्हनाले का तू म्हनतीस?"

मामांना दर तीन महिन्यांनी स्कॅन करावा लागतो. हा आजार पूर्ण गेला असं कुणी म्हणत नाही, आणि मामाही विचारत नाहीत. त्यांचा स्कॅन आता मी वाचत नाही. माझ्या सहकारी डॉक्टर वाचतात आणि सही करून झाल्यावर मला बोलावतात. तोपर्यंत मी मागच्या आवारात, रुग्णवाहिका लावतात तिथं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहते. तिथला रखवालदार आता काही विचारत नाही, खुर्ची बाजूला सरकवून मला वाट करून देतो. पुढचा स्कॅन येत्या बुधवारी आहे. मामांनी सकाळी पहिला नंबर मागितलाय, कारण त्यांना दुपारच्या बसनं परत जळकोटला जायचंय.